दिसेनाशी होणारी तबकडी

मी तबकडी बोलतेय. पत्र्याची, जेवणाच्या ताटाएवढी, चार भागांत रंगवलेली. दोन भाग पांढरे, दोन काळे. मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी, खाली शिशाचं वजन. आणि पुढचं काही सांगण्याआधी एक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोल लावायला नको. मी जळकी आहे. गंज मी सोसला, खारं पाणी सोसलं, पण दुसरीचं कौतुक माझ्याच्याने ऐकवत नाही.

माझं काम ऐकाल तर हसाल. मला समुद्रात सोडतात आणि मी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात. पाणी नितळ असलं तर मी खूप खोल जाईपर्यंत दिसते. गढूळ असलं तर जेमतेम हातभर. मी दिसेनाशी झाले की बोटीतलं माणूस म्हणतं, "गेली." मग दोरी हळूहळू वर ओढायची. मी पुन्हा दिसायला लागले की म्हणायचं, "आली." गेली तेव्हा किती खोल आणि आली तेव्हा किती खोल, दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि त्यांचा मधला आकडा धरायचा. नुसत्या 'गेली'वर काम होत नाही, हे आमच्या मॅडम प्रत्येक नव्या माणसाला बजावतात.

आता मला सांगा, जगात इतकं टक लावून कुणाकडे कोण बघतं? नवरा बायकोकडे बघत नाही, आई लेकराकडे बघता बघता चार कामं उरकते. माझ्याकडे मात्र माणसं श्वास रोखून बघतात. त्याचीच मला चटक लागली.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. मॅडम तेव्हा तरुण होत्या, किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात नुकत्याच लागल्या होत्या. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक जिना आणि एक गळका नळ. त्यांनी कागदावर वर्तुळ काढून दिलं. पत्रेवाला म्हणाला, "ताई, झाकण पाहिजे का ताट?"

"दोन्ही नको. समुद्रात बुडवायचंय."

"बुडवायचंच आहे तर गोल कशाला? असाच तुकडा टाका की."

मॅडम हसल्या आणि गोलच करून घेतलं. रंग त्यांनी स्वतः गच्चीत बसून दिला. वारा होता, त्यांचा एक केस ओल्या पांढऱ्या रंगात चिकटला. तो अजून तिथेच आहे. तो माझा दागिना समजा.

मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता बोटवाले काका मला खांद्याला अडकवायचे. समुद्रात नांगरलेल्या लाल पिंपाजवळ बोट थांबायची. मॅडम सावलीच्या बाजूला वाकायच्या, मी खाली जायची. गेली. आली. वही. वर्षामागून वर्षं हेच. मधे एकदा जुनी सुती दोरी कुजली, तेव्हा काकांनी नायलॉनची नवी आणली. जुनी आणि नवी धक्क्यावर शेजारी शेजारी पसरली आणि दर अर्ध्या मीटरला रंगीत दोऱ्याची खूण बांधली. मी बाजूलाच पडलेली होते, सगळं बघत होते. काकांनी काम चोख केलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची सात वर्षं मी या दोरीवर काढली. त्या सात वर्षांच्या वह्या पाहून मॅडमच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. सुती दोरीच्या काळातल्या आकड्यांशी ताडून बघितलं, तर पाणी पूर्वीइतकं नितळ राहिलं नव्हतं. त्यांनी त्यावर लेख लिहिला, सभेत बोलल्या, भिंतीवर आलेख लावला. आलेखाखाली माझा फोटो होता. मी इतकी शेफारले होते की विचारू नका.

आणि मग ती आली. माझी सवत.

काळ्या पेटीतून आली, आत मऊ गादी. पाणी मोजायचं नवं यंत्र, हातभर लांब, पण गोरीपान, चकचकीत. पाणी किती गार, किती खारट, किती गढूळ, सगळं एका दमात बोटीतल्या पडद्यावर सांगायची. आपण किती खोल गेलो हेही पाण्याच्या दाबावरून स्वतःच ओळखायची, दोरीवरच्या खुणांची गरजच नाही. मी मनात तिचं नाव ठेवलं महाराणी. महाराणीला गार हवेची खोली मिळाली. रोज गोड्या पाण्याने अंघोळ, मऊ फडक्याने अंग पुसणं. मी दाराआड खिळ्यावर, फरशी पुसायच्या काठीशेजारी.

मॅडमनी सांगितलं, "वर्षभर दोघींना बरोबर न्यायचं. जुन्या आकड्यांची नव्याशी गाठ नीट बसली, की मग तबकडीला विश्रांती." विश्रांती म्हणे. खिळ्यावरची विश्रांती कशी असते ते फरशी पुसायच्या काठीला विचारा.

त्याच वर्षी शाळेची दहा मुलं दर शनिवारी केंद्रात येऊ लागली. मुलांना समुद्राचं काम प्रत्यक्ष दाखवावं, त्यातलं एखादं तरी पुढे विज्ञानाकडे वळावं, अशी मॅडमची फार इच्छा. सगळी दहावीतली. त्यांतला एक नेहमी पहिला यायचा म्हणून सगळे त्याला पहिला नंबर म्हणत. आणि एक मुलगी होती, तिला सगळे काजबटण म्हणत. तिला आई नव्हती. आत्याने वाढवली. आत्याचं शिलाईचं दुकान, आणि शाळेतून आल्यावर ही तिथे काजं-बटणं करायची. मार्क बेताचे. पहिल्या दिवशी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला आलं नाही.

बोटीत नऊ मुलं महाराणीच्या पडद्यावर तुटून पडायची. पडद्यावर, बरं का. महाराणीकडे कुणीच बघत नव्हतं. एवढं एक समाधान होतं मला. काजबटण मात्र काठाशी वाकून माझ्याकडे बघायची. मी खाली, खाली, हिरवट, अंधूक. "गेली," ती पुटपुटायची आणि तरी नजर काढायची नाही. मला ती फार आवडली. खरं सांगायचं तर मला ती माझी एकटीची हवी होती.

पण पोरगी घरच्यासारखी सगळीकडे वावरायची. परत आल्यावर मला धुवायची आणि मग जाऊन महाराणीलाही पुसायची. "हिचा हा डोळा कशाला? हिला खारट कसं कळतं? चव घेते का?" असे प्रश्न मॅडमना विचारत बसायची. मी खिळ्यावरून ऐकायची आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाई गं, जिला डोळा आहे तिचं कौतुक, आणि जिच्यावर डोळे लागतात ती दाराआड.

एका शनिवारी समुद्र अगदी शांत होता. मॅडम म्हणाल्या, "आज दोघींना तळापर्यंत सोडू. दोघी एकच खोली सांगतात का बघा."

मी तळाला टेकले. काकांनी दोरी वाचली. "बरोबर सहा मीटर."

महाराणी टेकली. पडद्यावर सहा मीटर चाळीस.

पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

"यंत्र कसं चुकेल?" पहिला नंबर म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या जन्माआधीपासून हा तळ माझ्या हाताखाली आहे. मला शिकवतोस होय?"

मॅडमनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "यंत्र नवीन आहे. कंपनीकडून जुळणीत काहीतरी राहिलंय. पुढच्या आठवड्यात परत पाठवू."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. महाराणी परत तिच्या मऊ पेटीत, पेटीला दोर, दोरावर चिकटपट्टी. मी खिळ्यावर, पण ताठ मानेने. सवतीचं तोंड काळं झालेलं पाहायला मिळालं की आपल्या अंगावरचा गंजसुद्धा शोभून दिसतो.

तो आनंद पाच मिनिटं टिकला. काजबटण मॅडमसमोर उभी होती, चपलेने फरशी उकरत.

"मॅडम, मी पुढच्या शनिवारपासून येणार नाही. पुढच्या वर्षी कुठली शाखा घ्यायची त्याचा फॉर्म येत्या शुक्रवारी द्यायचाय. आत्या म्हणते, सोपं काहीतरी घे आणि दुकान सांभाळ."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला विज्ञान जमणार नाही. विज्ञान हुशार मुलांचं काम आहे. त्यांना उत्तरं येतात. मला नुसते प्रश्न येतात."

मॅडम काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पोरगी निघून गेली. मी सवतीला घालवण्याच्या नादात होते आणि इकडे माझं माणूसच निघालं होतं. आता माझ्याकडे टक लावून कोण बघणार? पहिला नंबर?

गुरुवारी दुपारी ती पुन्हा आली. केंद्राची टोपी परत द्यायला. गळ्यात शिलाईचा टेप तसाच होता, दुकानातून थेट आली असावी. टोपी टेबलावर ठेवली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली. माझ्या दोरीवरून बोट फिरवलं. मग मला खिळ्यावरून काढलं.

"काका, ही दोरी कधी मोजली होती?"

काका बाकावर बसून बोटीचं बूच घासत होते. "बांधली तेव्हा. सात वर्षं झाली."

"त्यानंतर?"

"दोरीला काय रोज मोजायचं असतं?"

"आत्या दर महिन्याला टेप लोखंडी पट्टीवर लावून बघते. जुना टेप ताणतो. मग एकाच मापाचे दोन ब्लाउज दोन मापांचे होतात."

तिने दोरी व्हरांड्यात लांब पसरली, टेप लावला आणि गुडघ्यांवर सरकत गेली. सहा मीटरची खूण आली. टेप म्हणाला, बरोबर सहा मीटर. तसूभर फरक नाही.

बघ, मी मनात म्हटलं. घे. आता जाऊन सांग सगळ्यांना तुझी तबकडी किती खरी आहे ते.

पण ती गेली नाही. तिथेच मांडी घालून बसली आणि दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काका, विणलेलं कापड टेबलावर मोजलं तर एक माप येतं. तेच ओलं करून दांडीला टांगलं की लांबतं. ही पाण्यात टांगलेलीच असते ना?"

काकांच्या हातातलं बूच थांबलं. "बादली आणू?"

दोरी बादलीत भिजवली. मग सहाची खूण जिन्याच्या वरच्या कठड्याला बांधून मला वजनासकट खाली सोडलं. मी मधोमध लोंबकळत होते. काका वर, ती खाली. तिने भिंतीवर खडूने दर मीटरला रेघ मारली, पायरी पायरी उतरत, टेप पुन्हा पुन्हा लावत. सहाव्या रेघेपाशी मी नव्हते. मी आणखी खाली होते. तिने टेप लावला.

"चाळीस सेंटिमीटर," ती म्हणाली.

तेच ते चाळीस. महाराणी खरी होती. दोरी ताणत होती, आणि सात वर्षं मी दिसेनाशी व्हायचे त्यापेक्षा वरच दिसेनाशी झाले असं वहीत लिहिलं जात होतं. समुद्र होता त्याहून गढूळ ठरला होता, माझ्या नावावर. भिंतीवरचा तो आलेख आणि त्याखालचा माझा फोटो! कुठे तोंड लपवू असं मला झालं. आणि तिथे टांगलेली, लपवायला जागा कुठे?

काका पायऱ्या उतरून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, राहू दे. मॅडमनी सात वर्षं हेच लिहिलंय, चार लोकांत सांगितलंय. यंत्र तसंही उद्या परत चाललंय. तू तर येणार नाहीस. कशाला उगाच?"

मी काय केलं असेल? मी मनातल्या मनात काकांच्या बाजूने ओरडत होते. गप्प बस, पोरी. दोरी गुंडाळ, मला खिळ्यावर ठेव, ती महाराणी जाऊ दे. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे.

ती खालच्या पायरीवर बसली. टेप घडी करून उलगडला, पुन्हा घडी केला.

"टेप ताणलाय हे कळल्यावर त्या टेपाने कापलेला झगा आत्या गिऱ्हाइकाला देत नाही," ती म्हणाली. "उसवते." आणि उठून मॅडमच्या खोलीकडे गेली.

मॅडम आल्या. टेप मागून घेतला आणि स्वतः मोजलं. तीन वेळा. मग कपाटातून सात वह्या काढल्या आणि तिथेच जिन्यात बसून हिशेब मांडला. दुरुस्ती करत गेल्या तसा आलेखाचा उतार कमी होत गेला. अगदी गेला नाही, पण निम्म्याच्या आसपास आला.

"पाणी गढूळ होतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी सांगत होते तेवढं नाही."

"मॅडम, माझं चुकलं का?"

"तुझं? चूक माझी आहे. दोरी टांगून बघायची हे मला सुचायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळे लाल होते. "आता ज्यांनी माझा लेख छापला त्यांना पत्र लिहायचं, आकडे चुकले म्हणून. पत्रात चूक कुणी शोधली तेही लिहावं लागतं. तुझं पूर्ण नाव सांग."

"मी काही शोधलं नाही. मी फक्त मोजलं."

"मग इथे आम्ही दुसरं काय करतो, बाळ?"

काजबटण त्यांच्याकडे बघत राहिली. मी पाण्यात जाताना माझ्याकडे बघायची, अगदी तशीच. मला मॅडमचासुद्धा हेवा वाटला.

इतक्यात आत्या दारात. पदराला टाचण्या, कपाळावर घाम. "माझा टेप कुठे आहे? तिकडे गिऱ्हाईक हात पसरून उभं आहे आणि ही इथे भिंती रंगवतेय." मग सगळ्यांचे चेहरे बघून तिने आवाज खाली आणला. "काय केलं हिने?"

मॅडमनी सगळं सांगितलं. आत्याने भिंतीवरच्या रेघा बघितल्या, ओली दोरी चिमटीत धरून ओढून बघितली.

"सात वर्षं टांगून बघितली नाही? एवढी शिकलेली माणसं तुम्ही."

"नाही बघितली," मॅडम म्हणाल्या. "म्हणून अशी माणसं हवी आहेत आम्हाला. आम्हाला उत्तरं पाठ असलेली पुष्कळ मिळतात."

आत्या जिन्यात पडलेला टेप उचलून भाचीपाशी गेली. भाचीच्या गळ्यात टेप अडकवत होती की काढत होती, कळत नव्हतं. शेवटी टेप काढून स्वतःच्या गळ्यात टाकला. "फॉर्मवर काय लिहायचं ते लिही. पण रविवारची काजं तुझीच. त्यात सूट नाही."

महाराणीची पेटी दुसऱ्या दिवशी उघडली गेली. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पण मॅडम म्हणाल्या, "तबकडीत दोष नाही. दोष दोरीत होता, आणि आमच्यात." मला न ताणणारी नवी दोरी मिळाली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मला जिन्यात टांगतात आणि शाळेची मुलं टेप घेऊन मोजतात. खडूच्या रेघांवर आता पक्का रंग दिलाय.

आणि ती जुनी, खोटारडी, ताणलेली दोरी? ती कुठे आहे विचारा. दारातच, काचेच्या पेटीत. शेजारी पाटी, पाटीवर काजबटणचं पूर्ण नाव. नवीन मुलं आली की आधी तिच्यासमोर उभी राहतात, गोष्ट ऐकतात आणि माना डोलावतात. मी खरं बोलत आले, मी दाराआड. तिने सात वर्षं फसवलं, ती काचेत. महाराणीवरचा माझा राग आताशा निवलाय. तिचं अंगही आता ओरखडलंय आणि तिच्याही मागून दुसरी नवी येणार आहे असं ऐकते. पण त्या दोरीचं नाव काढलं की अजून जीव जळतो.

काजबटण शिकत गेली. अकरावीत एकदा नापास होता होता वाचली, तेव्हा जिन्यात बसून रडली. नंतर पदवी, मग पुढची पदवी. दर सुट्टीत यायची, आधी मला धुवायची. गेल्या महिन्यात आली ती धावतच. खोल समुद्रात जाणाऱ्या संशोधन जहाजावर तिची निवड झाली होती. पाच महिने पाण्यावर.

"मुलाखतीत विचारलं, समुद्राकडे कशी वळलीस?" ती मॅडमना सांगत होती.

मी कान टवकारले. आता माझं नाव येणार.

"मी म्हटलं, एका दोरीमुळे."

दोरीमुळे. ऐकलंत? असो.

मुलांनो, तुम्ही इथे याल तेव्हा खुशाल त्या दोरीपुढे उभे राहा. महाराणीचा पडदाही बघा. उत्तरं येत नसली तरी या, प्रश्न असले की पुरे, आणि घरात टेप असला तर तोही आणा. फक्त बोटीत बसलात की थोडा वेळ माझ्याकडे बघा. मी दिसेनाशी होईपर्यंत. तेवढंच माझं मागणं.

गेल्या शनिवारी नऊ वाजता आम्ही लाल पिंपाजवळ होतो. मॅडम, काका आणि मी. तिचं जहाज लांबून गेलं. कठड्याशी कुणीतरी हात हलवत होतं, इतक्या लांबून चेहरा कुठला दिसायला. मॅडमनी मला पाण्यात सोडलंच नाही. मी त्यांच्या मांडीवर होते. आम्ही तिघं बघत राहिलो. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग जहाजाचं अंग, मग वरची काठी.

"गेली," काका म्हणाले.

मॅडमनी सवयीने वही उघडली, पेन काढलं. जरा थांबल्या आणि पेनला पुन्हा टोपण लावलं.

बरोबरच आहे. नुसत्या 'गेली'वर आकडा होत नाही. अजून 'आली' लिहायचंय. तोवर ते जहाज तिला रोज बघणार, मी नाही. जळफळाट होतोय माझा, पण थांबेन मी. दिसेनासं झालेलं परत दिसतं, हे मला शिकवायला नको.